निसर्गाची रोजकीर्द

पावसाळ्याच्या दिवसांत कोल्हापुरात दोन परिचित रस्त्यात भेटले म्हणजे क्षेमकुशलाच्या आधी एक प्रश्न हटकून निघतो: “पाणी किती फुटांवर आहे?” कोणते पाणी आणि कोठले, हे सांगण्याची जरूरी कोणालाच भासत नाही. तो प्रश्न असतो कसबा बावड्यानजीकच्या राजाराम बंधाऱ्यापाशी मोजल्या जाणाऱ्या पंचगंगेच्या पातळीविषयी. ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी व ४३ फूट ही धोक्याची पातळी, हे दोन आकडे शाळकरी पोरांनाही पाढ्यांसारखे पाठ असतात. ज्या नगराला आपल्या नदीची उंची अशी इंचाइंचाने ठाऊक आहे, त्या नगराला नदीचे वर्तमान कळते असे म्हणावयास हरकत नाही. परंतु नदीचे वर्तमान कळणे निराळे आणि तिचे चरित्र कळणे निराळे.

२०१९ च्या ऑगस्टात हे पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. चिखली, आंबेवाडीसारखी गावे जलमय झाली. शिरोळ तालुक्यात माणसांना व जनावरांना नावांतून हलवावे लागले. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता कित्येक दिवस बंद राहिला. असा पूर पिढीतून एकदाच येतो, अशी मनाची समजूत घालून लोकांनी घरांतील चिखल उपसला, तोच २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांच्याही वर चढले. दोन्ही वेळा पूर ओसरला आणि वादाला भरती आली. कोणी म्हणाले, पाऊसच अतोनात पडला. कोणी धरणांतील पाणी सोडण्याच्या वेळेला दोष दिला. कोणी नदीच्या पात्रालगत झालेल्या बांधकामांकडे बोट दाखविले, तर कोणी घाटमाथ्यावरील झाडतोडीकडे. २०१९ नंतर सरकारने श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास-समितीही नेमली. या सर्व मतांत थोडेबहुत तथ्य असणे शक्य आहे. पण कोणत्या कारणाचा वाटा किती, हे सांगावयाचे तर एका मूळच्या प्रश्नाचे उत्तर हाती असावे लागते. सह्याद्रीच्या ज्या उतारांवरून हे पाणी येते, ते उतार चाळीस वर्षांपूर्वी जेवढे पाणी मुरवीत होते तेवढेच आज मुरवितात काय? या प्रश्नाचे उत्तर पुराच्या वर्षी मोजून मिळत नाही. ते मिळावयाचे तर चाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी मोजमाप सुरू केलेले असावे लागते, आणि मधल्या एकाही पावसाळ्यात ते सोडून दिलेले नसावे लागते.

अशा रीतीने एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे चालविलेल्या निसर्गाच्या अभ्यासाला दीर्घकालीन परिसर-संशोधन म्हणतात. नाव भारदस्त असले तरी कल्पना पेढीवरच्या दिवाणजीला समजण्यासारखी आहे. गुळाच्या अडतीतील धंद्याची खरी स्थिती एका दिवसाच्या गल्ल्यावरून कळत नाही. त्यासाठी रोजकीर्द लागते, खतावणी लागते आणि मागील सालची शिल्लक पुढे ओढावी लागते. निसर्गाचेही असेच आहे. फरक इतकाच की, धंद्याची हरवलेली वही इतरांच्या वह्यांवरून पुष्कळशी पुन्हा उभी करता येते. निसर्गाचे न नोंदलेले वर्ष मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

हा अभ्यास इतका लांबवावा का लागतो, याचे उत्तर राधानगरी-दाजीपूरच्या रानात ज्याने कारवी पाहिली असेल त्याला निराळे सांगावयास नको. या झुडपांच्या काठ्यांनी कोकणात व घाटमाथ्यावर पिढ्यानुपिढ्या घरांचे कूड विणले गेले. ती वर्षामागून वर्षे नुसती वाढत राहते, आणि सुमारे सात-आठ वर्षांनी एकदा सारा उतार एकदम फुलतो. बी धरते, आणि ती पिढी वाळून जाते. आता एखादा अभ्यासक तीन वर्षांची मदत मिळवून या रानात आला, तर काय होईल? कदाचित त्याला एकही फूल दिसणार नाही, आणि कारवी फुलतच नाही असा त्याचा ग्रह होईल. कदाचित तो नेमका बहराच्या वर्षी येईल आणि पुढील वर्षी उभी वाळलेली झुडपे पाहून रानावर रोग पडल्याचे लिहून जाईल. दोन्ही वेळा त्याचे डोळे खरे असतील व निष्कर्ष खोटा. संशोधनाचे वर्ष सरकारी तारखांनी मोजले जाते. रानाचे वर्ष रानाच्या आयुष्याने मोजावे लागते.

पाणलोटाचे असे चरित्र लिहिण्याचा एक नामांकित प्रयोग अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानात हबर्ड ब्रूक नावाच्या ओढ्याच्या रानात १९६३ पासून चालू झाला. लायकेन्स, बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरातील लहान लहान ओहळांवर बंधारे घातले. वरून पावसाने किती पाणी व कोणते क्षार येतात आणि खालून ओहळातून काय बाहेर जाते, याचा जमाखर्च त्यांनी मांडण्यास आरंभ केला. एका ओहळाच्या पाणलोटातील झाडे बुद्ध्याच तोडण्यात आली व शेजारचे रान तसेच राखले. तोडलेल्या बाजूचा ओहळ अधिक पाणी वाहू लागला, आणि त्या पाण्याबरोबर जमिनीचा कसही वाहून जाऊ लागला. हे कळले ते शेजारी न तोडलेले रान तुलनेला होते म्हणून. याच नोंदींतून आणखी एक अकल्पित गोष्ट उघडकीस आली. पडणारा पाऊसच आम्ल होता. दूरच्या कारखान्यांचा धूर त्यात विरघळून येत होता. पुढे या आम्लतेत घट होते आहे की नाही, हा प्रश्न निघाला, तेव्हा सुटी तीन-चार वर्षे घेतली तर कधी चढ दिसे, कधी उतार. ती खरोखरच उतरते आहे असे खात्रीने म्हणण्यास जवळजवळ दोन दशकांच्या नोंदी लागल्या. कारखान्यांच्या धुराला आळा घालणारी १९९० ची अमेरिकेतील कायद्याची दुरुस्ती ज्या पुराव्यावर उभी राहिली, त्यात या एका ओढ्याच्या वहीचा मोठा वाटा होता.

कोल्हापूरच्या वादाला हे उदाहरण चांगले लागू पडते. ‘रान राखले की पूर येत नाही’ असे एक पक्ष म्हणतो. ‘एवढ्या पावसापुढे रान काय करणार’ असे दुसरा. मध्यम पावसात रानाची जमीन पुष्कळ पाणी धरते, आणि आठवडाभर कोसळून जमीन तुडुंब झाल्यावर तिची धरण्याची शक्ती संपते, एवढे सामान्यतः मान्य आहे. पण कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या खोऱ्यांत ही मर्यादा नेमकी कोठे येते? गगनबावड्याला शिरोळच्या कितीतरी पट पाऊस पडतो. कोठे दाट रान आहे, कोठे कातळाचा सडा, कोठे बॉक्साइटची खाण, आणि खाली मैलोगणती ऊस. न्यू हॅम्पशायरचे उत्तर येथे जसेच्या तसे आणून बसविता येणार नाही. येथील उत्तर येथील ओढ्यांवरच मोजले पाहिजे.

भारतात असे कार्य झालेच नाही, असे मात्र नाही. निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाईच्या रानात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. रामन सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास ५० हेक्टर रानाचा एक तुकडा आखून घेतला. त्यातील बोटाएवढ्या जाडीच्या खोडापासून महावृक्षापर्यंत प्रत्येक झाडाला त्यांनी क्रमांक दिला. कोणते झाड वाढले, कोणते हत्तीने मोडले, कोणते वणव्यात गेले आणि कोणते नवे उगवले, याची हजेरी ते दरसाल घेऊ लागले. १९ वर्षांच्या हजेरीवरून त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. पाऊस कमी झाला की मोठी झाडे मरतात, हे खरे. पण ती त्याच वर्षी मरत नाहीत. अवर्षणाचा घाव दोन-तीन वर्षांनी मृत्यूच्या रूपाने प्रकट होतो. चांगला पाऊस पडत असताना वठलेले झाड पाहून एखादा म्हणेल की याला कीड लागली असावी. त्या झाडाचा खरा मारेकरी तीन वर्षांपूर्वीच येऊन गेलेला असतो, आणि त्याची साक्ष केवळ जुन्या वहीत सापडते.

दीर्घ नोंदीचा आणखी एक गुण आहे, आणि तो कदाचित सर्वांत मोलाचा असेल. ती मोठ्यामोठ्यांची मतेही दुरुस्त करते. राजस्थानातील भरतपूरचे पाणपक्ष्यांचे सरोवर सुप्रसिद्ध आहे. तेथे भोवतालच्या गावांच्या म्हशी पूर्वापार चरत असत. म्हशींमुळे पक्ष्यांचे नुकसान होते, असे जाणत्या पक्षितज्ज्ञांचेही मत होते. १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले व चराई बंद करण्यात आली. त्यावरून दंगा उसळला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि गावकऱ्यांतील काही माणसे प्राणास मुकली. परंतु त्याच सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या सरोवराचा दशवार्षिक अभ्यास हाती घेतलेला होता. त्या अभ्यासातून दिसून आले की, म्हशी हटताच पाण्यातील गवत अनावर माजले, उघडे पाणी आक्रसले, आणि पुष्कळ जातींच्या पक्ष्यांना ते सरोवर गैरसोयीचे झाले. म्हैस ही त्या सरोवराची शत्रू नसून एक प्रकारे माळीण होती. येथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. फक्त मोजण्याच्या आधी ठरविले गेले होते. त्या घाईची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली.

मग अशा नोंदी सर्वत्र का होत नाहीत? कारण उघड आहे. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात वर्षानुवर्षे काहीच ‘नवीन’ सापडत नाही. पदवीसाठी काम करणारा विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो. मदत देणाऱ्या मंडळाला अहवाल लवकर हवा असतो. आणि जो बी पेरतो त्याला फळ चाखावयास मिळेलच असे नाही. म्हणून हे काम एका माणसाच्या उत्साहावर सोपवून चालत नाही. ते संस्थेच्या अंगवळणी पडावे लागते. महाराष्ट्रात त्याचे एक नमुनेदार उदाहरण आहे, मात्र ते रानाचे नसून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चुंबकीय सूचीच्या हालचालींची नोंद ठेवली जात असे. शतकाच्या अखेरीस मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे घाटत होते, आणि त्या विजेने सूची विचलित होऊन साऱ्या नोंदी निरुपयोगी होणार, हे उघड होते. वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांनी ट्राम अडविली नाही, की वहीही मिटली नाही. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागेस लोखंड वर्ज्य करून नवी वेधशाळा उभी केली. मग १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा अचूक जुळावा. त्या दोन वर्षांच्या दुहेरी खटाटोपामुळेच ती मालिका आजही अखंड मानली जाते व जगभरचे शास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात. सातत्य म्हणजे हट्टाने जागेवर बसून राहणे नव्हे. जागा बदलणे भाग पडले तरी हिशेब तुटू न देणे, हे सातत्य.

कोल्हापूरपाशी या कामाचे भांडवल थोडे नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम काढले; ते पुरे व्हावयास शतकाचा मध्य उजाडला. ज्या कामाचे फळ आपल्या हयातीत दिसणार नाही ते काम हाती घेण्याचा धडा या भूमीला नवा नाही. छत्रपतींच्या शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरांवर गेला. आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर राधानगरीला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. १९६२ मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ जवळच आहे. तेथील डॉ. श्रीरंग यादव व डॉ. मिलिंद सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतिसृष्टीचा मोठा ग्रंथ २००२ मध्ये सिद्ध केला. असा ग्रंथ म्हणजे वहीतील पहिली शिल्लक. पन्नास वर्षांनी एखाद्या सड्यावर कोणते फूल उरले व कोणते गेले, हे विचारणाऱ्याला तुलनेचा पाया तेथे मिळेल. परंतु मधली पाने कोरी राहिली, तर ते केव्हा आणि कशाने गेले, हे मात्र कळणार नाही.

गव्यांचेच पाहा. अलीकडे गवे रानाबाहेर उसात शिरतात, गावांच्या वेशीपर्यंत, क्वचित शहराच्या अंगणापर्यंतही येतात. शेतकऱ्याचे पीक तुडविले जाते, कधी माणूसही जखमी होतो. गवे वाढले म्हणून हे घडते, की रानातला चारा घटला म्हणून, की उसाची गोडी त्यांना लागली म्हणून? तिन्ही निदानांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय शेतकऱ्याला व गव्याला दोघांनाही भोवणारा आहे. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात वनखात्याची माणसे व निसर्गप्रेमी मचाणांवर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरे मोजतात. ही चाल चांगली आहे. पण एका रात्रीचा आकडा एकटा फारसा बोलत नाही. आठवड्यापूर्वी वळवाची सर पडून रानात जागोजागी पाणी साचले असेल, तर पाणवठ्यावर गवे कमी दिसतील. तीच मचाणे, तीच रीत, सोबत त्या वर्षीच्या चाऱ्याची व पावसाची नोंद, असे वीस वर्षे चालले म्हणजे ते आकडे बोलू लागतील.

तुलनेसाठी न बदललेली जागा हवी, असे हबर्ड ब्रूकच्या प्रयोगाने शिकविले. सह्याद्रीत पूर्वजांनी देवाच्या नावाने राखलेल्या देवराया आहेत. १९७० च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी त्यांचे शास्त्रीय महत्त्व जगापुढे मांडले. जेथे कुऱ्हाड चालली नाही अशा देवराईतील जमीन किती पाणी धरते आणि शेजारच्या उघड्या उतारावरची किती, हे दरवर्षी मोजता येण्यासारखे आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने दीर्घकालीन परिसर-निरीक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम जाहीर केला, व त्यात पश्चिम घाटाचाही समावेश केला. म्हणजे या विचाराला मान्यता मिळाली आहे. मान्यतेचे रूपांतर सवयीत होणे, एवढेच बाकी आहे.

त्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. चार खोऱ्यांतील चार ओढ्यांवर लहान बंधारे, पर्जन्यमापके, आखून घेतलेले रानाचे काही तुकडे, आणि ही वही एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती बिनचूक सोपविणारी संस्था, एवढे पुरे. एका महापुरात जेवढी संपत्ती वाहून जाते, तिच्यापुढे हा खर्च नगण्य आहे. आणि ही वही कुलपात न ठेवता सर्वांना पाहावयास मोकळी हवी. कारण जिचा ताळा इतरांना घेता येत नाही, त्या वहीवर कोणी विश्वास ठेवीत नाही.

या कामात सुशिक्षित घरांनाही वाटा उचलता येईल. अंगणातील पर्जन्यमापक रोज सकाळी ठराविक वेळी वाचणे, रस्त्याकडेचा एकच पळस दरसाल कोणत्या तारखेला फुलतो ते टिपणे, रंकाळ्यावर हिवाळी पाहुणे पक्षी केव्हा आले व केव्हा परतले ते लिहिणे, ही कामे शाळकरी मुलालाही जमण्यासारखी आहेत. तालमीतला पोर एका दिवसाच्या जोरांनी पैलवान होत नाही. रोजच्या जोरांनी होतो, हे कोल्हापुरास सांगावयास नको. अट एवढीच की, ज्या वर्षी काही विशेष घडले नाही त्या वर्षीही वही लिहिली गेली पाहिजे. कारण विशेष काय, हे त्या साध्या वर्षांच्या शेजारी ठेवूनच कळते.

पुढे केव्हा तरी पंचगंगा पुन्हा पात्र सोडील. त्या दिवशीही लोक पाणी किती फुटांवर आहे असे विचारतील, आणि त्याचे उत्तर तत्काळ मिळेल. पण पाणी ओसरल्यावर ‘असे का झाले’ हा प्रश्न निघेल, तेव्हा पुन्हा मतामतांचा गलबलाच ऐकू यावा, की एखादी जुनी, मळकी, पण एकही पान न चुकलेली वही उघडली जावी, हे त्या दिवशी ठरावयाचे नाही. ते यंदाच्या पावसाळ्यात ठरावयाचे आहे.